चार पट्ट्यांवरचा अल्बम

अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. विज्ञानाच्या पुस्तकांतून ते राइट बंधूंचे गाव म्हणून भेटते. त्यांचे सायकलींचे दुकान तिथेच होते. या गावात १९८०च्या दशकात रॉबर्ट पोलार्ड नावाचे एक शिक्षक चौथीचा वर्ग घेत असत. शाळा सुटली की ते गाणी रचत आणि भावाला, मित्रांना जमवून ती वाजवत. १९८३ साली उभ्या राहिलेल्या या बँडचे नाव 'गायडेड बाय व्हॉइसेस'. पाठीशी कोणतीही मोठी कंपनी नव्हती. १९८६पासून ही मंडळी स्वतःच्या खिशातून पैसे घालून तबकड्या काढत, त्याही काही शेच. अखेर १९९२ साली, आता हा शेवटचाच, असे ठरवून त्यांनी 'प्रोपेलर' नावाचा अल्बम काढला. प्रती ५००. प्रत्येक प्रतीचे वेष्टन हाताने केलेले, त्यामुळे एकासारखे दुसरे नाही.

तो शेवटचा ठरला नाही. क्लीव्हलंडच्या 'स्कॅट' या छोट्या कंपनीने त्यांना हाताशी धरले आणि जून १९९४ मध्ये 'बी थाउजंड' हा अल्बम बाहेर आला. वीस गाणी, सगळी मिळून सुमारे ३६ मिनिटांची. बहुतेक गाणी बँडमधल्या लोकांच्या गॅरेजमध्ये आणि तळघरांत, साध्या कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केलेली. यंत्र सांभाळण्याचे काम बरेचदा टोबिन स्प्राउट हे बँडमधलेच गायक करत. त्या दशकातल्या महत्त्वाच्या अल्बममध्ये समीक्षक आज त्याची गणना करतात. सुमारे चौदा वर्षे शिकवल्यावर पोलार्ड यांनी त्याच वर्षी शाळा सोडली.

हा अल्बम ऐकताना मागे सतत बारीक खरखर ऐकू येते. काही गाण्यांत गिटार कांबळ्याखाली वाजवल्यासारखी वाटते. पहिल्याच गाण्यात गिटारचा आवाज मध्येच नाहीसा होतो आणि परत येतो. बँडने ते तसेच राहू दिले. गाणी आवडणे न आवडणे ज्याच्या त्याच्या कानावर सोडू. आम्हांला इथे विचारायचे आहेत ते पदार्थविज्ञानाचे प्रश्न. स्वस्त यंत्राला खरखर का येते? आणि ज्या काळात कुणाच्याही खिशातल्या फोनला ती खरखर येत नाही, त्या काळातही घरी केलेले मुद्रण 'घरचे' म्हणून लगेच का ओळखू येते?

पट्टा किती रुंद, फीत किती वेगात

कॅसेट आपल्या घरांतूनही नांदून गेली आहे. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली आणली, आणि पुढे आपल्याकडे पोवाडे, भजने, भीमगीते जत्रेपासून एस. टी. स्टँडपर्यंत पोहोचली ती याच चपट्या डबीतून. एखादी जुनी कॅसेट सापडली तर वर्गात ती उघडून फीत मोजावी. रुंदी ३.८१ मिलिमीटर भरेल. एवढ्या रुंदीवर चार पट्टे असतात: दोन एका बाजूचे, डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी, आणि दोन कॅसेट उलटल्यावर वाचले जाणारे. प्रत्येक पट्टा म्हणजे एक ट्रॅक.

१९७९ साली टीअ‍ॅक या जपानी कंपनीने एक साधी पण मोठी युक्ती केली. हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरायचे, म्हणजे एका कॅसेटवर एकाच वेळी चार स्वतंत्र आवाज ठेवता येतील. हे त्यांचे 'पोर्टास्टुडिओ १४४' नावाचे यंत्र. शिवाय फीत दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.७६ऐवजी सुमारे ९.५ सेंटिमीटर पळवली. परिणाम असा, की साठ मिनिटांची कॅसेट उलटायची सोय राहिली नाही आणि ती पंधरा मिनिटांतच संपू लागली. हा हिशेब मुलांना करायला द्यावा.

वेग का वाढवला, हे v = fλ या आपल्या नेहमीच्या सूत्रातून कळते. हवेत ध्वनीला तरंगलांबी असते, तशी फितीवरही असते, कारण आवाजाच्या प्रत्येक कंपनाची फितीवर एक चुंबकीय खूण उमटते. १०,००० हर्ट्झचा स्वर घ्या. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाच्या फितीवर एका कंपनाला ४.७६ मायक्रोमीटर जागा मिळते. वेग दुप्पट केला की साडेनऊ. व्यावसायिक स्टुडिओत फीत सेकंदाला ७६ सेंटिमीटरपर्यंत वेगाने धावे, म्हणजे त्याच कंपनाला ७६ मायक्रोमीटर. खुणा वाचणाऱ्या हेडला (तेच, जे आपण स्पिरिटच्या बोळ्याने पुसत असू) एक बारीक फट असते, कॅसेटच्या यंत्रात साधारण मायक्रोमीटरभर. फटीची रुंदी तरंगलांबीच्या जवळ येऊ लागली की खुणेतला चढ आणि उतार एकदमच फटीत येतात आणि एकमेकांना खोडतात. दोन्ही सारख्या झाल्या की हेडला काहीच ऐकू येत नाही. कांबळ्याखालच्या गिटारचे हे एक कारण. उंच स्वर फितीवर दाटीवाटीने बसतात आणि सगळ्यांत आधी तेच जातात.

खरखरीचे कारण वेगळे आहे. फितीवर चुंबकीय ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा लेप असतो. आवाज मुद्रित होताना हे कण एका शिस्तीत वळतात, पण कण सुटे सुटे असल्याने थोडी बेशिस्त उरतेच. सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणत असेल तर मुले चौपट झाल्यावर तालातल्या आवाजाचा आयाम चौपट होईल. पण तीच मुले आपापसात वाटेल ते बोलत असतील तर त्या कलकलाटाचा आयाम चौपट न होता दुप्पटच होईल. एकाचे चढणे दुसऱ्याच्या उतरण्याने काही अंशी कापले जाते. कणांचेही तसेच. हेडखालून एका सेकंदात जितके जास्त कण जातील तितका गाण्याचा आवाज खरखरीपेक्षा वर राहतो, आणि हा फायदा कणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मिळतो.

आता तुलना करू. स्टुडिओतल्या मोठ्या यंत्राची फीत दोन इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर रुंद, आणि तिच्यावर २४ ट्रॅक. मधल्या मोकळ्या जागा धरून एकाच्या वाट्याला सुमारे २.१ मिलिमीटर आले. चार ट्रॅकच्या कॅसेटवर सुमारे ०.९५. रुंदीत २.२ पट आणि वेगात ८ पट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारे क्षेत्रफळ सुमारे अठरा पट. अठराचे वर्गमूळ चारहून थोडे जास्त. पैसेवाल्याच्या फितीवरचे गाणे एवढ्या एका कारणाने खरखरीच्या चौपट वर असते. लेपाची जाडी आणि कणांची जात यांचा फरक आणखी वेगळा.

चारात सात कसे बसवायचे

पाच जणांचा बँड चार पट्ट्यांवर बसवायचा, शिवाय गायकाला आपल्याच आवाजाची साथ हवी असते. यावरची युक्ती जुनी आहे. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४०च्या दशकात आपल्या हॉलिवूडच्या घरच्या गॅरेजमध्ये तबकड्यांवर तबकड्या कोरत ती वापरली. आधीची तबकडी वाजवायची, तिच्याबरोबर स्वतः वाजवायचे आणि दोन्ही मिळून नवी तबकडी कोरायची. १९४८ साली आलेल्या त्यांच्या 'लव्हर' या मुद्रणात अनेक गिटारी आहेत आणि वादक एकच. अ‍ॅम्पेक्स कंपनीने १९५७ साली त्यांना आठ ट्रॅकचे यंत्र दिले.

त्या यंत्रात एक अडचण सोडवावी लागली होती. टेपरेकॉर्डरमध्ये वाचणारे हेड आणि लिहिणारे हेड एकमेकांपासून काही अंतरावर असतात. समजा ते अंतर ४ सेंटिमीटर आहे आणि फीत सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरने जाते. मग जुना आवाज ऐकत वाजवलेला नवा आवाज फितीवर ४ ÷ ९.५, म्हणजे सुमारे ०.४२ सेकंद चुकीच्या जागी पडेल. तालाच्या दृष्टीने हे भयंकरच. उपाय असा काढला, की जुना ट्रॅक ऐकवण्याचे कामही लिहिणाऱ्या हेडनेच करायचे, म्हणजे अंतर शून्य. चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रात हेच तत्त्व आहे.

आता जागा वाढवू. पहिल्या तीन पट्ट्यांवर ड्रम, बास आणि गिटार घेतले. तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवले. पहिले तीन मोकळे झाले. त्यांतल्या दोघांवर नवे काही घेऊन ते तिसऱ्यावर उतरवले. पुन्हा दोन मोकळे. तीन, दोन, एक आणि एक मिळून सात वाद्ये झाली. प्रत्येक उतरवणीच्या वेळी एखादे वाद्य प्रत्यक्ष वाजवून त्यात मिसळले, तर हीच बेरीज चार, तीन, दोन आणि एक, अशी दहापर्यंत जाते. मुलांना कागदावर चार रकाने आखून हे कोडे म्हणून द्यावे. जरा वेळ लागतो, पण सुटते.

ही जागा फुकट मिळत नाही. तीन पट्ट्यांची खरखर, प्रत्येकी एक एकक शक्तीची, चौथ्यावर गेली. चौथ्या पट्ट्याची स्वतःची एक. एकूण चार एकके, म्हणजे आयामाच्या हिशेबात दुप्पट, ६ डेसिबल. एका उतरवणीत इतके. दुसऱ्या उतरवणीत तोच पट्टा गोवला तर आणखी वाढ, आणि उंच स्वर प्रत्येक वेळी थोडे आणखी झिजतात. शिवाय उतरवून झाल्यावर ड्रम जास्त झाले आणि गिटार कमी झाली असे वाटले, तरी आता वेगळे करता येत नाही; मूळ पट्टे पुसले गेलेले असतात. लेस पॉल कमी महत्त्वाची वाद्ये आधी मुद्रित करत आणि मुख्य स्वर शेवटी, त्याचे कारण हेच. झीज सोसायची ती मागच्या रांगेतल्यांनी. आमच्या मते या यंत्राची खरी शिकवण इथे आहे. काय पुढे ठेवायचे हे वाजवण्याआधीच ठरवावे लागते.

यावर काही प्रमाणात उतारा होता. रे डॉल्बी यांनी १९६०च्या दशकात काढलेली युक्ती अशी, की हलके उंच स्वर मुद्रित करतानाच वाढवून ठेवायचे आणि वाजवताना तितकेच कमी करायचे. कमी करताना त्यांच्याबरोबर फितीची खरखरही कमी होते. पोर्टास्टुडिओत ही सोय होती. याच जातीच्या १४४ यंत्रावर ब्रूस स्प्रिंगस्टीन या नामवंत गायकाने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या आपल्या घरी काही गाणी घेतली होती, स्टुडिओत पुढे काय वाजवायचे याचा कच्चा नमुना म्हणून. तीच गाणी नंतर बँडसह स्टुडिओत करून पाहिली, पण त्याला घरची कॅसेटच जास्त पटली आणि 'नेब्रास्का' हा अल्बम त्याच वर्षी तिच्यावरून निघाला. त्याच्याजवळ पैसा होता. डेटनच्या मंडळींजवळ दुसरा मार्ग नव्हता. फितीचे पदार्थविज्ञान मात्र दोघांना एकच.

खोली हेही एक यंत्र

आता आजच्याकडे येऊ. संगणकात किंवा फोनमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात साठतो. सीडीच्या मापाने सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक १६ बिटांचा. दर बिटामागे सुमारे ६ डेसिबल धरले तर सर्वांत मोठा आवाज आणि यंत्राची स्वतःची खरखर यांत ९६ डेसिबलचे अंतर पडते. उताऱ्याशिवायच्या साध्या कॅसेटवर ते पन्नासच्या आसपास असे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आकड्यांची नक्कल करताना खरखर वाढत नाही. चार ट्रॅकऐवजी चाळीस घ्या, दहा वेळा उतरवा, पहिली प्रत आणि दहावी प्रत सारखीच. 'ऑडॅसिटी'सारखा प्रोग्रॅम तर फुकट मिळतो. म्हणजे १९९४ साली ज्या गोष्टीला पैसे पडत होते ती जवळजवळ फुकट झाली.

राहिली खोली. ती मात्र भिंतींसकट पूर्वीचीच आहे, आणि यंत्राची खरखर गेल्याने तिचे सगळे दोष आता उघडे पडतात.

खोलीचे गणित पहिल्यांदा मांडले तेही एका शिक्षकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग कलासंग्रहालयातले व्याख्यानगृह इतके घुमे, की वक्त्याचे बोलणे कळत नसे. एका शब्दाचा निनाद साडेपाच सेकंद रेंगाळे आणि तोवर वक्ता पुढच्या वाक्यावर गेलेला असे. हे दुरुस्त करण्याचे काम पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या तरुण वॉलेस सॅबिन यांच्याकडे आले. जवळच्या नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या ते रात्री सहायकांकरवी उचलून आणत, ऑर्गनच्या नळीचा सूर काढून तो विरायला किती वेळ लागतो ते कान आणि घड्याळ यांनी मोजत, आणि सकाळपूर्वी गाद्या परत पोहोचत्या करत. त्यातून निघालेले सूत्र मेट्रिक मापांत असे:

T = ०.१६१ × V ÷ A

T म्हणजे निनादाचा काळ सेकंदांत, V खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये, आणि A म्हणजे शोषण. ज्यावर पडलेला आवाज परत येतच नाही ती उघडी खिडकी. तिचा एक चौरस मीटर म्हणजे शोषणाचे एक एकक.

एक खोली घेऊ: ५ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच. घनफळ ६०, आतले सगळे पृष्ठफळ ९४ चौरस मीटर. गिलावा, फरशी, काच असे सगळे मिळून पडलेल्या आवाजाचा विसावा भाग शोषला जातो असे धरू. A = ४.७ आणि T = २ सेकंदांच्या थोडा वर. आता दोन मीटर बाय दीड मीटरच्या दहा गोधड्या दोरीवर टांगा. गोधडी मधल्या स्वरांचा साधारण निम्मा आवाज गिळते असे धरले, तर शोषण सुमारे १८ होते आणि निनाद अर्ध्या सेकंदावर येतो. एकही यंत्र विकत न घेता चौपट फरक.

आता मायक्रोफोन कुठे ठेवायचा? गायकाकडून थेट येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने उतरतो. भिंतींवरून फिरून आलेला आवाज मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच असतो. कुठेतरी दोन्ही बरोबरीला येतात. हे अंतर मीटरमध्ये ०.०५७ × √(V ÷ T) इतके असते. आपल्या मोकळ्या खोलीत ते सुमारे ३१ सेंटिमीटर, गोधड्या टांगल्यावर ६१. मायक्रोफोन त्याच्या पलीकडे गेला की तो माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकतो. शाळेच्या कार्यक्रमाचे मुद्रण कुणी वर्गाच्या मागच्या बाकावरून करतो आणि मग फोनला नावे ठेवतो. फोनचा त्यात फारसा दोष नसतो.

गोधडीला मर्यादा आहेत. १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी ३.४ मीटर. दोन बोटे जाडीचे कापड तिच्या वाटेत असून नसल्यासारखे. त्यातच समांतर भिंतींमधले अंतर अर्ध्या तरंगलांबीइतके असले की तो स्वर खोलीत ठाण मांडून बसतो. ४ मीटर रुंदीला हा स्वर ३४० ÷ ८, म्हणजे ४२.५ हर्ट्झ. बास गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ला वाजते. अशा खोलीत भिंतीजवळ बसून तो एकच स्वर गडगडतो, बाकीचे बरे वाटतात, आणि वादक बिचारा आपला हात तपासत राहतो. यावर घरगुती उपाय म्हणजे बसण्याची जागा बदलून बघणे. दोन-तीन पावलांनीही फरक पडतो.

वर्गात करण्यासारखा प्रयोग असा. एकच विद्यार्थी, एकच कविता, एकच फोन. पंखा बंद. एकदा फोन तोंडापासून १५ सेंटिमीटरवर, जरा बाजूला (समोर धरला तर 'प' आणि 'फ'चा वारा आदळतो), आणि एकदा दीड मीटरवर. मग हेच दोन्ही मुलांनी घरून आणलेल्या गोधड्या आणि चादरी टांगून. चारही तुकडे सारख्या मोठ्या आवाजात, कोणता कुठला ते न सांगता, दुसऱ्या वर्गाला ऐकवावेत आणि एवढेच विचारावे: यांतला कोणता महागड्या यंत्रावर घेतला असेल?